रॉडची मूठ चिकट झालीय : साफ करायची की बदलायची?

संथपाणी

बरीच वर्षं कपाटाच्या कोपऱ्यात उभा असलेला मासेमारीचा एक स्पिनिंग रॉड बाहेर काढलाय. सात फुटी, दोन तुकड्यांचा, कार्बनचा. ब्लँक (म्हणजे रॉडची मूळ काठी) ठणठणीत आहे, गाइडच्या (लाइन ज्यांतून जाते त्या) कड्यांना कुठे चरा नाही, दोऱ्याच्या वेष्टनावरचं एपॉक्सीही शाबूत. फक्त मूठ हातात धरवत नाही.

मागची मूठ आणि रील सीटचा (रील बसते ती जागा) बराचसा भाग यांच्यावर काळं, मऊ, रबरी आवरण आहे. नवा होता तेव्हा त्या मऊपणाचंच कौतुक वाटायचं. आता तेच चिकचिकीत झालंय. बोट टेकवलं की ठसा उमटतो आणि उचलताना बारीकसा चट् आवाज येतो. पिशवीचे धागे, केस, धूळ, जे जवळ येईल ते त्यावर बसलंय. पुढची मूठ ईव्हीए नावाच्या मऊ फोमची आहे, ती नुसती मळलीय.

साबणाने धुऊन झालं. ओली असेपर्यंत बरी वाटते, वाळली की पुन्हा तेच. काही लावून हे आवरण पूर्ववत होतं का, की खरवडून काढायचं, की अख्खी मूठच बदलायची? ब्लँक इतका चांगला आहे की टाकून द्यायला जीव होत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गरी_बिचारा

चांगली बाजू बघा की. केवढाही मासा लागला तरी रॉड हातातून सुटायचा नाही. :)

मुकादम

टाल्कम पावडर चोळा, जास्तीची फडक्याने झटका. मी हेच करतो. विषय संपला.

रेणूसूत्र

मुकादम, पावडरने चिकटपणा झाकला जातो, जात नाही. चार दिवस मूठ कोरडी वाटते, मग घाम आणि पाणी लागून त्याच पावडरचा करडा राप बसतो. आणि तो खाचांमधून काढणं मूळ कामापेक्षा किचकट.

संथपाणी, हा मळ नाही. मळ असता तर साबणाने गेला असता. इथे आवरणच आतून मोडत चाललंय. ‘सॉफ्ट टच’ म्हणून मिळणारं आवरण बहुतेक वेळा कडक प्लास्टिकवर फवारलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमध्ये रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. हवेतला दमटपणा हे बंध एकेक करून तोडतो (हायड्रोलिसिस). साखळ्या आखूड होत गेल्या की थर घट्ट राहत नाही, पाझरायला लागतो.

यात एक खोडी आहे. बंध तुटताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढचे बंध तुटायला हातभार लावतं. म्हणून कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही आणि नंतर बघता बघता सगळी मूठ बिघडते. वापर केला नाही म्हणून वाचली असंही होत नाही, उलट ओलसर रॉड बंद नळीत घालून ठेवला तर लवकर बिघडते. दुर्बिणी, कॅमेरे, स्क्रूड्रायव्हर यांच्या मुठी चिकट होतात त्याचं कारण हेच. न वापरलेल्या बुटांचे सोल एक दिवस भुगा होऊन पडतात तिथेही तेच. पॉलिइथर जातीचं पॉलियुरेथेन दमटपणाला बऱ्यापैकी पुरून उरतं, पण त्याला ऊन आणि प्राणवायू बाधतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, पूर्ववत होत नाही. तुटलेल्या साखळ्या कुठलंही क्रीम किंवा पॉलिश जोडून देत नाही. थर काढायचा, पूर्ण काढायचा.

संथपाणी

धन्यवाद, आता कोडं सुटलं. पण थर फक्त वरवर आहे की मूठ आतपर्यंत त्याचीच आहे, हे कसं ओळखायचं? कापून बघायचं धाडस होत नाहीये.

रेणूसूत्र

कापायची गरज नाही. मुठीच्या बुडाशी, सहसा नजर जात नाही अशा जागी, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) लावून अर्धा मिनिट घासा. कापूस काळा झाला आणि खालून कडक, गुळगुळीत प्लास्टिक दिसलं तर तो वरचा थर. काम सोपं.

कापूस जेमतेम मळला, पण नखाने दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला, तर मूठ अखंड मऊ रबराची किंवा मऊ पीव्हीसीची आहे आणि आतपर्यंत गेलीय. मऊ पीव्हीसीत लवचीकपणासाठी प्लास्टिसायझर घातलेला असतो, तो काळाने पृष्ठभागावर झिरपतो. अशी मूठ पुसून काही दिवस कोरडी राहते, पुन्हा घाम फुटल्यागत ओशट होते. तिथे पुसत बसण्यात अर्थ नाही, बदला.

खटपट्या

थर निघाला तर पुढचं मी सांगतो. हे काम मी बऱ्याचदा केलंय, रॉडच्या मुठींवर आणि इतर अवजारांवरही.

आधी रील काढून ठेवा. मुठीच्या पुढे जिथे ब्लँक सुरू होतो तिथे मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या. पुढची ईव्हीए मूठ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टाका, कारण निघणारा काळा लगदा फोमच्या भोकांत शिरला तर जन्मभर तिथेच. नायट्राइलचे हातमोजे घाला. खिडकी उघडी, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. आयपीए पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते.

आयपीए नव्वद टक्क्यांच्या पुढचं असलेलं बरं. सत्तर टक्केवाल्यानेही निघतं, वेळ लागतो. नुसतं पुसत राहिलात तर ते उडून जातं आणि थर फक्त इकडून तिकडे सरकतो. म्हणून जुन्या बनियनची लांब पट्टी आयपीएत भिजवून मुठीभोवती गुंडाळायची आणि तिच्यावर पातळ प्लास्टिकची फिल्म घट्ट लपेटायची. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. उलगडल्यावर थर ओल्या डांबरासारखा झालेला असेल. आता आइसक्रीमच्या लाकडी काडीने एका दिशेने खरवडायचा, मागे-पुढे नाही. काडी दर वेळी पुसायची. खाचा आणि रील सीटचे आटे जुन्या टूथब्रशने. चाकू किंवा ब्लेड लावू नका, खालच्या प्लास्टिकवर ओरखडे कायमचे राहतात.

फडकी भरपूर लागतात. एकदा काळी झालेली बाजू परत मुठीला लागू देऊ नका, या कामात माणसं वैतागतात ती इथेच. सगळं निघाल्यावर स्वच्छ फडक्याने शेवटचा हात मारा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. वाळल्यावर कुठे बोट अडखळलं तर त्या जागी पुन्हा पट्टी.

मनाची तयारी ठेवा : थरावर छापलेलं नाव, आकडे, चिन्हं सगळं त्याच्याबरोबर जाणार. वजनाची आणि लाइनची शिफारस फक्त मुठीवरच छापलेली असेल तर आधी फोटो काढा.

मुकादम

एवढा सोहळा? पेट्रोलचा बोळा फिरवा, दोन मिनिटांत साफ. नाहीतर थिनर.

खटपट्या

पेट्रोलने थर निघतो हे खरंय, पण शेजारीच ईव्हीए आहे. पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन लागलं की ईव्हीए आणि रबर फुगतात आणि वाळल्यावरही पूर्वीसारखे बसत नाहीत. आगीचं तर बोलायलाच नको.

थिनर आणि ॲसिटोन त्याहून वाईट. रील सीट नायलॉनची असेल तर ती तग धरेल, पण एबीएस या कडक प्लास्टिकची मूठ ॲसिटोनने विरघळते. आधी वरचा थर सुटला म्हणून आनंद होतो, मग कळतं की खालची मूठही त्याच्याबरोबर निघालीय. ब्लँकवरच्या रंगाचंही तेच.

मुकादम

बरं, थिनर मागे घेतो. पावडरवर मात्र मी ठाम. रविवारी दोन तास बसायचं तर त्यासाठी एवढं करणार कोण!

भरतीओहोटी

धाग्याचं थोडं अपहरण करतेय. माझ्या रॉडची मूठ सगळी चिकट नाहीये. अंगठा टेकतो ती जागा आणि तर्जनीखालची पट्टी, एवढ्यातच मऊ आणि चकचकीत झालीय, बाकी कोरडी. रॉड तसा जुना नाही. हे पण हायड्रोलिसिसच का?

रेणूसूत्र

ताई, नेमक्या बोटांच्या जागी असेल तर दमटपणाला दोष देऊ नका. डास पळवायचं मलम लावून लगेच रॉड धरता का? बऱ्याच मलमांमध्ये डीट असतं. ते कातडीला चालतं, पण कितीतरी प्लास्टिकना, व्हिनाइलना आणि आवरणांना मऊ करतं. घड्याळाच्या काचा आणि चष्म्यांच्या फ्रेमसुद्धा त्याने खराब होतात. सनस्क्रीनमधली तेलंही काही आवरणांना सोसत नाहीत.

भरतीओहोटी

अगदी! संध्याकाळी पाण्याकाठी बसते, मलमाशिवाय बसताच येत नाही. मग?

रेणूसूत्र

लावून झालं की तळवे आणि बोटं साबणाने धुवा, मगच रॉडला हात. पिकारिडिन असलेलं मलम मिळालं तर ते घ्या, त्याने प्लास्टिक बिघडत नाही. मऊ झालेली जागा साबणाने धुऊन आठवडाभर उघड्यावर ठेवा. डीट आत फार मुरलेलं नसेल तर बरीच सावरेल. चकाकी मात्र राहणार.

कातळ

यात आणखी एक गुन्हेगार आहे, त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही. मऊ प्लास्टिकची आमिषं. ते रबरी किडे आणि शेपट्या हलवणारे मासे म्हणजे पीव्हीसी आणि भरपूर प्लास्टिसायझर. कुठल्याही कडक प्लास्टिकला टेकवून ठेवले की प्लास्टिसायझर तिकडे शिरतो. साध्या डब्यांचे तळ त्यांनी खाल्लेले सगळ्यांनी पाहिले असतीलच. तसंच आमिष गळाला लावलेलं ठेवून गळ रील सीटजवळ अडकवायची सवय अनेकांना असते. आमिष मुठीला लागून राहतं, आणि त्याच आकाराचा चिकट डाग पडतो. भरतीओहोटी, तुमचा डाग बोटाच्या आकाराचा आहे म्हणजे मलमच. डाग माशाच्या आकाराचा असेल तर माझं म्हणणं आठवा.

गरी_बिचारा

माझ्या डब्यात एक किडा दुसऱ्यात विरघळून दोन डोकी असलेला तिसराच प्राणी तयार झालाय. त्याला मासेही घाबरतात.

जुनंफर्निचर

आमच्या काळच्या रॉडना काळ्या फोमच्या मुठी असायच्या, त्यांना सगळे हायपेलॉन म्हणायचे. हायपेलॉन हे ड्यूपाँटचं व्यापारी नाव, क्लोरोसल्फोनेटेड पॉलिइथिलीनचं. त्याचं उत्पादन त्यांनी २०१० मध्ये बंद केलं. त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक फोम तोच असेल असं नाही, त्यामुळे एक मूठ चाळीस वर्षं टिकते आणि तिच्या जोडीची दुसरी हाताला काळं लावते. फोम काळं लावायला लागला, दाबला तर परत उठत नाही, असं झालं की आयपीए, साबण काही उपयोगाचं नाही. धारदार कटरने लांबीत चीर देऊन सोलून काढायचा.

चीर देताना पातं ब्लँकपर्यंत जाऊ द्यायचं नाही. फोमची शेवटची दोन मिलिमीटर जाडी हाताने फाडायची. कार्बनच्या ब्लँकवर एक आडवा ओरखडा पडला की रॉड नेमका तिथे मोडतो, आणि तोही मासा लागलेला असताना.

लाकूडतोड्या

कॉर्कवाले कुणी नाही का इथे? कॉर्कची मूठ चिकट झाली तर ९० टक्के वेळा कॉर्क निर्दोष असतं. चिकट होतो तो हाताच्या तेलाचा, माशाच्या बुळबुळीचा आणि कधीकाळी कुणी हौसेने फासलेल्या वार्निशचा थर. कॉर्कच्या पेशींच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, म्हणून पाणी आत मुरत नाही आणि मळ वरच राहतो.

त्यावर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मेलामाइन स्पंज. मूठ गोल फिरवत घासायची, हळू. स्पंज स्वतः झिजतो आणि मळ घेऊन जातो. करडं पाणी निघायचं थांबलं की बास. ब्लीच वापरू नका, त्याने कॉर्क पांढरंफटक आणि ठिसूळ होतं. वाळल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने, मग ४००. त्याआधी रील सीटची रिंग आणि ब्लँक टेपने झाकायचा. कॉर्कचं मांस किती जातंय याकडे लक्ष असू द्या, दर वर्षी पेपर मारणाऱ्यांच्या मुठी शेवटी पेन्सिल होतात.

धुताना खड्ड्यांतलं भरण सुटून येईल, घाबरू नका. चांगलं कॉर्क दुर्मिळ असतं. कॉर्क ओकच्या झाडाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात, आणि पहिल्या एक-दोन काढण्यांची साल खडबडीत असते. त्यामुळे स्वस्त रॉडच्या कॉर्कमध्ये खड्डे असतात आणि ते कारखान्यातच भुकटी आणि डिंकाने भरलेले असतात. आपणही तेच करायचं. पेपर मारताना पडलेली बारीक भुकटी जपून ठेवायची, पाण्यात टिकणाऱ्या लाकडाच्या गोंदात घट्ट मळायची, खड्ड्यांत थोडी वर येईल इतकी दाबायची. दुसऱ्या दिवशी पेपरने सपाट. भरण आजूबाजूच्या कॉर्कपेक्षा गडद दिसतं, त्याला इलाज नाही. गोंद कमी घातला तर कमी गडद, पण मग लवकर सुटतं.

शेवटी सीलर लावायचा की नाही यावर मारामाऱ्या होतात. मी लावत नाही. उघडं कॉर्क हाताला जास्त छान लागतं आणि ओलं झालं की पकड वाढते.

जुनंफर्निचर

सीलरबद्दल असहमत. खाऱ्या पाण्यात आणि आमिषाच्या हातांनी वापरायचा असेल तर एक पातळ हात हवाच. नाहीतर वास जात नाही.

संथपाणी

अपडेट देतो. कापूस काळाकुट्ट आला, म्हणजे वरचाच थर. खटपट्यांच्या कृतीने पट्टी गुंडाळली. रील सीटच्या आट्यांनी घाम काढला, बाकी निघालं. खालचं प्लास्टिक करडं आहे, साच्याच्या जोडाची रेघ बाजूने दिसते, आणि मूठ आता ओल्या हाताला साबणाच्या वडीइतकी निसरडी. चिकटपणा शून्य. ईव्हीएची पुढची मूठ नुसत्या साबणाने आणि ब्रशने चांगली निघाली.

आता या करड्या मुठीवर काय चढवू? हीट श्रिंक (तापवली की आकसणाऱ्या) नळीबद्दल बरंच ऐकलंय. दोन्ही मुठींवर सारखी चढवली तर दिसायलाही बरं.

खटपट्या

मागच्या मुठीवर चढेल, पुढच्या मुठीवर चढणार नाही. मागची बुडाकडून सरकवता येते. पुढच्या मुठीपर्यंत नळी न्यायची तर ती गाइडवरून ओलांडावी लागते, आणि स्पिनिंग रॉडचं पहिलं गाइड अंगाने मोठं. तेवढी रुंद नळी मग मुठीवर आवळून बसत नाही. गाइड काढून पुन्हा बांधायची तयारी असेल तरच तो नाद करा. तुमची पुढची मूठ चांगली आहे, तिला हात लावू नका.

माप घ्यायची पद्धत लिहून ठेवा. साध्या नळीचं प्रमाण २:१ असतं, म्हणजे ती तापून निम्म्या व्यासाची होते. मुठीचा सगळ्यात जाड भाग नळीतून गेला पाहिजे आणि सगळ्यात बारीक भाग नळीच्या निम्म्या व्यासाहून जाड पाहिजे. समजा जाड भाग २८ मिलिमीटर आणि बारीक १८. तर ३२ ची नळी चालेल, ती १६ पर्यंत येते. ४० ची घेतली तर २० ला थांबेल आणि कमरेत सैल राहील. फरक याहून जास्त असेल तर ३:१ ची शोधा.

रॉडसाठी म्हणून खरबरीत नक्षीची नळी मिळते, तीच घ्या. गुळगुळीत घेतलीत तर पुन्हा निसरडं. नक्षीची नाही मिळाली तर खाली बारीक सुतळी बोटभर अंतराने वेढत न्या आणि तिच्यावर साधी नळी आकसवा. उंचवटे वर उमटतात, पकड मस्त येते.

उष्णतेचं सांभाळा. या नळ्या साधारण ९० अंश सेल्सिअसपासून आकसायला लागतात. ईव्हीए ७०-८० अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि मुठीखालचं एपॉक्सी त्याच्याही आधी ढिलं व्हायला लागतं. म्हणून हीट गन सतत हलती ठेवायची, एका जागी थांबायचं नाही, आणि रॉड दुसऱ्या हाताने फिरवत राहायचा. एका टोकापासून सुरुवात करा म्हणजे हवा दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. दोन्ही टोकांनी तापवलं की मध्ये फुगा अडकतो. लांबीतही नळी थोडी आखडते, दोन्हीकडे बोटभर जास्त ठेवा आणि गार झाल्यावर कटरने गोल कापा.

कातळ

हीट गन नसेल तर बॅडमिंटनची ओव्हरग्रिप. तिरकी गुंडाळत जायची, शेवटाला दोऱ्याची गाठ. वर्षभराने मळली की फेकायची. उगाच आयुष्यभराचा बंदोबस्त कशाला?

खटपट्या

तेही चालतं. फक्त साधी विजेची टेप नको. तिचा गोंद उन्हात बाहेर येतो आणि वर्षभरात आपण परत याच धाग्यावर.

मुकादम

काहीच न चढवता वापरा. निसरडं वाटलं तर पावडर.

गरी_बिचारा

मुकादम, तुमचं रॉडशी लग्न पावडर लावून झालंय का?

भरतीओहोटी

रीलच्या हँडलची गोटीसुद्धा चिकट होते ना? माझी झालीय. तीही अशीच पट्टी गुंडाळून?

खटपट्या

गोटी आधी सोडवून घ्या. टोकाची चकती नखाने किंवा पातळ पट्टीने उचलली की खाली बारीक स्क्रू दिसेल. काढताना बेअरिंग किंवा बुश आणि त्यांच्यामधल्या कागदाइतक्या पातळ वॉशर कुठल्या क्रमाने निघतायत त्याचे फोटो काढत जा. एक वॉशर मागेपुढे झाली की गोटी एकतर खडखडते किंवा फिरतच नाही. मग फक्त मोकळी गोटी आयपीएने पुसा. जोडलेली असताना आयपीए लावलं तर ते आत शिरून बेअरिंगचं तेल धुऊन नेतं. बसवताना बेअरिंगला एक थेंब तेल.

रेणूसूत्र

एक जोड. साफ केलेल्या मुठीवर गाड्यांच्या डॅशबोर्डला चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे मारू नका. मूठ निसरडी होतेच, शिवाय पुढे कधी गोंद किंवा एपॉक्सी लावायची वेळ आली तर काहीच धरत नाही.

निवांत

उशिरा आलोय. माझ्याकडे वडिलांचा बांबूच्या चिरफळ्यांचा जुना रॉड आहे. कॉर्कच्या मुठीवर चिकट तपकिरी थर आहे, आणि तसाच थर दोऱ्यांच्या वेष्टनावरही. हीच आयपीएची कृती वापरू का?

लाकूडतोड्या

थांबा! बांबूच्या जुन्या रॉडवर अल्कोहोल अजिबात नको. दोऱ्यांवरचा तो तपकिरी थर लाखेचा असू शकतो आणि लाख अल्कोहोलमध्ये लगेच विरघळते. दोरे सुटले की गाइड गेले, आणि बांबूवरचं वार्निश उतरलं तर आत पाणी जाऊन चिरफळ्यांचा सांधा सुटतो. फक्त कॉर्कची मूठ घ्या, वर टेप लावा, साबणाच्या फेसाने घासा, पाणी वाहू देऊ नका. बाकीच्या रॉडवर कोरडं मऊ फडकं, बास. दोऱ्यांचं काम बांबूचे रॉड दुरुस्त करणाऱ्याच्या हाती द्या.

निवांत

नशीब विचारलं. बाटली उघडून बसलो होतो.

संथपाणी

नळी मागवली, खरबरीत नक्षीची. ती बुडाकडून चढवायची म्हणजे आधी रबरी टोपी काढावी लागणार. ती पण थोडी चिकट आहे आणि घट्ट बसलीय. ओढून फाटेल असं वाटतंय.

जुनंफर्निचर

ती टोपी अखंड रबराची असेल, म्हणजे आतपर्यंत गेलेली. तिची दयामाया नको, नवीच आणा. जुनी काढायला बुडाकडचा भाग कडकडीत गरम पाण्यात दोन मिनिटं धरा आणि पिळत ओढा. तरी नाही आली तर कापा.

नवी बसवताना आत हवा कोंडते आणि टोपी सारखी बाहेर ढकलली जाते. त्यावर उपाय : एक बारीक, मजबूत दोरा टोपीच्या आत उभा सोडायचा, त्याचं टोक बाहेर ठेवायचं, आणि टोपी दाबून पूर्ण बसवायची. दोऱ्याच्या कडेने हवा निघून जाते. मग टोपी अंगठ्याने दाबून धरून दोरा सरळ ओढून घ्यायचा. नळी आधी, टोपी नंतर, म्हणजे नळीची कापलेली कड टोपीखाली जाते.